पेशींची परांची: प्रकाशाच्या थ्रीडी प्रिंटरवर जिवंत पेशींसाठी स्कॅफोल्ड कसा बनवायचा

भिंतीला गिलावा करताना बाहेरून परांची बांधतात आणि काम झालं की उतरवतात. पेशींसाठीचा स्कॅफोल्ड ही तशीच तात्पुरती परांची. फरक एवढाच की इथले गवंडी, म्हणजे पेशी, परांचीतच राहतात आणि आपल्या एन्झाइमने ती हळूहळू पचवून तिच्या जागी स्वतःचं जाळं विणतात.

प्रकाशाने प्रिंट करण्याची पद्धत जुनी आहे. चक हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. प्लास्टिकचे नमुने बनवण्यासाठी निघालेलं हे तंत्र पेशींसाठी वापरताना दोन प्रश्न येतात: प्रकाश रेझिनमध्ये (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवात) किती खोल जातो, आणि प्रिंट झाल्यावर त्यातून काय काय बाहेर झिरपतं? खालची प्रत्येक पायरी या दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर आहे. आकार उमटवणं त्या मानाने सोपं असतं.

हा लेख डीएलपी पद्धतीचा (प्रोजेक्टरने अख्खा थर एकदम उजळणारा) प्रिंटर आणि जिलाटिनपासून बनलेलं रेझिन धरून लिहिला आहे. पेशी वाढवण्याची प्राथमिक कामं (मीडिया बदलणं, पेशी मोजणं, निर्जंतुक हुडखाली काम करणं) तुम्हाला येतात असं गृहीत धरलं आहे. ती येत नसतील तर आधी ती शिका. प्रिंटर थांबेल, पेशी थांबणार नाहीत.

१. आधी ठरवा: पेशी नंतर पेरायच्या की रेझिनमध्येच मिसळायच्या

पहिल्या रस्त्यात स्कॅफोल्ड प्रिंट करायचा, धुवायचा, तपासायचा आणि मग त्यावर पेशी सोडायच्या. दुसऱ्यात पेशी द्रव रेझिनमध्ये मिसळून सगळं एकदम प्रिंट करायचं. दुसरा रस्ता भुरळ घालतो, पण त्यात काही बिघडलं तर दोष प्रकाशाचा, रसायनाचा, उशिराचा की पेशींचाच, हे कळत नाही. निदान पाच-सहा स्कॅफोल्ड एकसारखे निघेपर्यंत पहिल्याच रस्त्याने जा.

२. बाटलीवरच्या ‘बायोकॉम्पॅटिबल’ शब्दाला भुलू नका

नवशिक्यांची सर्वात मोठी फसगत इथे होते. दातांच्या कामासाठी मिळणाऱ्या रेझिनवर हा शब्द असतो. पण तो ठरावीक पद्धतीने धुतलेल्या आणि पूर्ण क्युअर केलेल्या, म्हणजे प्रकाशाने घट्ट केलेल्या, तयार वस्तूला, ठरावीक प्रकारच्या आणि ठरावीक मुदतीच्या संपर्कासाठी लागू असतो. ती वस्तू चार थेंब मीडियात पेशींसोबत आठवडाभर ठेवणं ही फारच कडक परीक्षा आहे. न जोडलेले अॅक्रिलेट रेणू आणि उरलेला फोटोइनिशिएटर (प्रकाश शोषून रेझिन घट्ट करायला सुरुवात करणारं रसायन) मीडियात उतरतात आणि पेशी एका रात्रीत गोल होऊन सुटतात. साधं, छंदासाठीचं रेझिन तर या कामात अजिबात नको.

३. लागणारं सामान

– ४०५ नॅनोमीटरचा डीएलपी प्रिंटर. एलसीडी पडद्याचा चालतो, पण काळ्या पिक्सेलमधूनही थोडा प्रकाश गळतो. लांबलेल्या प्रिंटमध्ये कडेचं रेझिन त्यामुळे जेलीसारखं होतं.
– ३ ते ५ मिली रेझिनमध्ये काम भागेल अशी छोटी व्हॅट, म्हणजे रेझिनचं भांडं. मूळ व्हॅटमध्ये शेकडो मिली लागतं. तळाला एफईपी (पारदर्शक, न चिकटणारं प्लास्टिक) फिल्म किंवा पीडीएमएसचा (पारदर्शक सिलिकॉन रबर) थर.
– व्हॅट ३० ते ३७ अंशांवर ठेवणारा हीटर आणि वेगळा थर्मामीटर.
– ४०५ नॅनोमीटरला कॅलिब्रेट केलेला प्रकाशमापक. याच्याशिवाय सुरुवात करू नका.
– जिलाटिन मेथाक्रिलॉइल, बोलीभाषेत जेलमा. मेथाक्रिलेशन (जिलाटिनला प्रकाशाने जुळणारे गट जोडण्याचं प्रमाण) ६० ते ८० टक्के असलेलं, फ्रीझ-ड्राय केलेलं.
– एलएपी हा फोटोइनिशिएटर.
– टार्ट्राझिन, म्हणजे खाद्यपदार्थांत घालतात तो पिवळा रंग, पण प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा. किराणा दर्जाच्या रंगात मीठ आणि इतर भर असते, त्यामुळे वजन चुकतं.
– पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण), ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर, अॅल्युमिनियम फॉइल, नायट्राइल हातमोजे, ४०५ नॅनोमीटर अडवणारा चष्मा.
– मेथाक्रिलेट सिलेनचा लेप दिलेल्या काचेच्या कव्हरस्लिप.

‘इर्गाक्युअर २९५९’ अनेक जुन्या पद्धतींमध्ये दिसेल. ते ३६५ नॅनोमीटरच्या आसपास चालतं, ४०५ ला जवळजवळ आंधळं असतं. तुमचा प्रिंटर ४०५ चा असेल तर त्या कृती जशाच्या तशा उचलू नका. २००९ मध्ये पेशींच्या कामासाठी एलएपी पुढे आलं ते यामुळेच: ते पाण्यात चांगलं विरघळतं आणि दृश्य प्रकाशाच्या काठावर असलेल्या ४०५ लाही प्रतिसाद देतं.

४. रेझिन: १० मिलीची कृती

जेलमा १ ग्रॅम (१० टक्के), एलएपी २५ मिलिग्रॅम (०.२५ टक्के, सुमारे ८.५ मिलिमोलर), टार्ट्राझिन ८ मिलिग्रॅम (सुमारे १.५ मिलिमोलर), आणि पीबीएस घालून एकूण १० मिली.

आधी एलएपी कोमट पीबीएसमध्ये विरघळवा. त्यात जेलमा टाकून ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा ते एक तास ठेवा, मधूनमधून बाटली हळूच उलटसुलट करा. व्हॉर्टेक्स करू नका. जिलाटिनला फेस चटकन येतो आणि तो बसता बसत नाही. द्रव पारदर्शक झाला की टार्ट्राझिन घाला. गरम असतानाच ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, कारण थंड झालं की जेल धरतं आणि फिल्टर तुंबतो. शेवटी ३७ अंशांवर दोन मिनिटं सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढा.

बाटली पहिल्यापासून फॉइलमध्ये गुंडाळलेली हवी. खोलीतला पांढरा दिवाही एलएपीला पुरतो. पिवळ्या दिव्याखाली काम करा. तयार रेझिन ४ अंशांवर अंधारात ठेवून आठवडाभरात संपवा.

पीबीएसऐवजी थेट कल्चर मीडिया वापरायचा मोह होतो. त्यातला फिनॉल रेड हा रंग प्रकाश खातो आणि पुढची सगळी गणितं बदलतात. मीडियाच हवा असेल तर फिनॉल रेड नसलेला घ्या.

टार्ट्राझिन कशासाठी, हे नीट समजून घ्या. वरच्या प्रमाणात एकटं एलएपी ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जेमतेम अडवतो. प्रकाश सेंटीमीटरच्या घरात खोल उतरतो. म्हणजे दहाव्या थराला दिलेला प्रकाश आधीच्या नऊ थरांतल्या मोकळ्या जागांमधलं रेझिनही घट्ट करत जातो आणि तुमची छिद्रं बुजतात. १.५ मिलिमोलर टार्ट्राझिन ही खोली साधारण दीडशे मायक्रॉनवर आणतं. शिवाय ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे नंतर धुऊन निघतं. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये रक्तवाहिन्यांसारख्या गुंतागुंतीच्या पोकळ्या हायड्रोजेलमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये) प्रिंट केल्याचं काम प्रसिद्ध झालं, त्यातली किल्ली हाच पिवळा रंग होता.

५. वर्किंग कर्व्ह: ही पायरी गाळलीत तर बाकी सगळं अंदाजपंचे

प्रत्येक रेझिनची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची आपली रीत असते. जेलमाचा लॉट बदलला तरी ती बदलते. म्हणून नव्या लॉटला नवा वर्किंग कर्व्ह, म्हणजे दिलेला प्रकाश आणि मिळालेली जाडी यांचा आलेख.

आधी प्रकाशाची तीव्रता मोजा. मापक व्हॅटच्या तळाच्या फिल्मवर ठेवा, म्हणजे फिल्ममध्ये वाया जाणारा प्रकाशही हिशेबात येतो. मधोमध आणि चारही कोपऱ्यांत मोजा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर फक्त मधल्या भागात प्रिंट करा. ५ ते २० मिलिवॉट प्रति चौरस सेंटीमीटर ही कामाची मर्यादा आहे.

मग बिल्ड प्लेट (प्रिंट जिला चिकटून वर उचलली जाते ती पट्टी) न लावता, व्हॅटमध्ये दोन-तीन मिलिमीटर रेझिन घेऊन ५ मिलिमीटरचे गोल चार वेगवेगळ्या वेळांसाठी उजळा: ४, ८, १६ आणि ३२ सेकंद. उरलेलं रेझिन ओतून काढा, चकत्या कोमट पीबीएसने हलकेच धुवा आणि प्रत्येकीची जाडी मायक्रोस्कोपखाली आडवी धरून मोजा. कॅलिपर वापरू नका, हायड्रोजेल चेपतं.

डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. १० मिलिवॉटला ४ सेकंद म्हणजे ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. आडव्या अक्षावर डोसचा नैसर्गिक लॉगरिदम आणि उभ्या अक्षावर जाडी मांडली की सरळ रेषा येते. रेषेचा उतार म्हणजे प्रकाशाची भेदनखोली. रेषा जिथे शून्य जाडीला छेदते तो किमान डोस. त्याखाली काहीच घट्ट होत नाही.

उदाहरण घेऊ. समजा भेदनखोली १५० मायक्रॉन निघाली आणि ४० मिलिज्यूलला ६० मायक्रॉन जाडी मिळाली. डोस दुप्पट केला की जाडी सुमारे १०४ मायक्रॉनने वाढते: ८० ला १६४, १६० ला २६८. थर १०० मायक्रॉनचा ठेवायचा असेल तर जाडी त्याच्या १.३ ते १.५ पट हवी, तरच नवा थर जुन्याला चिकटतो. १४० मायक्रॉन धरले तर डोस सुमारे ६८ मिलिज्यूल, म्हणजे १० मिलिवॉटला ६.८ सेकंद.

इथे एक मेख आहे. निम्म्या तीव्रतेला दुप्पट वेळ दिला की डोस कागदावर तोच राहतो, पण निकाल तोच येत नाही. हवेतला ऑक्सिजन रेझिनमध्ये सतत विरघळत असतो आणि साखळी जोडणारे मुक्त मूलक गिळत असतो. प्रकाश मंद असेल तर ऑक्सिजनला भरून यायला फुरसत मिळते. त्यामुळे ज्या तीव्रतेला प्रिंट करणार, कर्व्हही त्याच तीव्रतेला काढा.

६. डिझाइन

पहिला नमुना साधा ठेवा: ८ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर उंचीची चकती, ५०० मायक्रॉनची उभी आरपार छिद्रं आणि त्यांच्यामध्ये ३०० मायक्रॉनच्या भिंती. ती ४८ घरांच्या प्लेटमध्ये सहज बसते. ५० मायक्रॉन पिक्सेलच्या प्रिंटरवर ३०० मायक्रॉन म्हणजे सहा पिक्सेल. भिंत चार पिक्सेलच्या खाली नेऊ नका.

उभी छिद्रं सोपी, आडवी अवघड. आडव्या छिद्राच्या छतावर पडलेला प्रकाश खालच्या पोकळीत शिरतो, म्हणून ते छिद्र भेदनखोलीइतकं तरी बुजणारच असं धरून मोठं काढा.

आकार ठरवताना पेशींची भूकही लक्षात घ्या. ऊतीत बहुतेक पेशी रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असतात, कारण ऑक्सिजन त्यापलीकडे पुरेसा पोचत नाही. पेशी भिंतीच्या आत असणार असतील तर दोन छिद्रांमधली भिंत ४०० मायक्रॉनपेक्षा जाड नको.

हायड्रोजेल पाणी पिऊन फुगतं. पहिली चकती २४ तास पीबीएसमध्ये ठेवून मोजा आणि फाइलमधली मापं त्या प्रमाणात कमी करा.

७. प्रिंट

बिल्ड प्लेटवर सिलेन लावलेली कव्हरस्लिप चिकटवा. साध्या काचेवर किंवा धातूवर जेलमा धरत नाही आणि पहिला थर व्हॅटच्या तळाशीच राहतो. त्या दोन-तीन थरांना नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट एक्स्पोजर द्या.

व्हॅटमधलं तापमान रेझिनमध्येच थर्मामीटर बुडवून पाहा, हीटरच्या आकड्यावर विसंबू नका. २५ अंशांच्या खाली जेलमा घट्ट व्हायला लागतं, प्लेट उचलल्यावर रिकाम्या जागी रेझिन परत वाहत नाही आणि थरांमध्ये पोकळ्या राहतात. ३७ अंशांवर उलटा त्रास: पाणी उडतं आणि प्रमाण वाढत जातं. व्हॅटवर झाकण ठेवा.

प्लेट उचलण्याचा वेग कमी हवा, मिनिटाला ३० ते ६० मिलिमीटर. हे जेल इतकं मऊ असतं की तळापासून सुटताना लागणारी ओढच त्याला फाडते. पीडीएमएसचा तळ इथे फायद्याचा: त्यातून ऑक्सिजन आरपार जातो, तळाशी एक पातळ थर द्रवच राहतो आणि प्रिंट अलगद सुटते.

वीस थर, प्रत्येकी सात सेकंद प्रकाश आणि सुमारे पंधरा सेकंद हालचाल. साडेसात मिनिटांत चकती तयार होते.

काही बिघडलंच तर लक्षणावरून कारण ओळखता येतं. थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटत असतील तर डोस कमी आहे. छिद्रं फक्त खालून बुजली असतील तर टार्ट्राझिन कमी किंवा डोस जास्त. सगळीकडून सारखी बुजली असतील तर आधी धुणं तपासा, आत न घट्ट झालेलं जेलमाच थंडीने गोठून बसलेलं असू शकतं. एकाच बाजूची प्रिंट तिरकी येत असेल तर बहुधा प्लेट समतल नाही. सगळं काल बरोबर होतं आणि आज काहीच घट्ट होत नाही, असं झालं तर एलएपीची बाटली उघड्यावर राहिली होती का, ते विचारा.

८. धुणं

प्रिंट उतरवल्याबरोबर ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये टाका. खोलीच्या तापमानाला धुतलंत तर छिद्रांत अडकलेलं न क्युअर झालेलं जेलमा गोठतं आणि जागचं हलत नाही. दर अर्ध्या तासाने असं तीनदा बदला, मग रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा बदला. पिवळेपणा जाणं ही चांगली खूण आहे, पण एलएपी रंगहीन असतो. रंग गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. दुसऱ्या रात्रीचा धुवा फुकट जात नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल हे कठीण प्लास्टिक रेझिनसाठी. हायड्रोजेल त्यात आकसून पांढरं पडतं. ऑटोक्लेव्हही नको, जिलाटिनचं जाळं त्या उष्णतेत मोडतं. रेझिन गाळून घेतलं, व्हॅट ७० टक्के इथेनॉलने पुसून सुकवली आणि पुढचं सगळं हुडखाली केलं तर निर्जंतुकपणा टिकतो. अँटिबायोटिक घातलेल्या मीडियाच्या भरवशावर राहू नका, बुरशीला त्याची पर्वा नसते.

न वापरलेलं रेझिन बेसिनमध्ये ओतायचं नाही. दिव्याखाली घट्ट करून मग रासायनिक कचऱ्यात. मेथाक्रिलेटची त्वचेला अॅलर्जी होऊ शकते आणि एकदा जडली की सुटत नाही, म्हणून हातमोजे धुतानाही घाला.

९. पेशी सोडण्याआधी अर्काची चाचणी

आयएसओ १०९९३ मालिकेतल्या पाचव्या भागात पेशींवरच्या विषारीपणाची चाचणी दिली आहे. घरगुती रूपात ती अशी: धुतलेला स्कॅफोल्ड ०.१ ग्रॅमला १ मिली या प्रमाणात सीरम असलेल्या मीडियात ३७ अंशांवर २४ तास ठेवा. तो अर्क एल९२९ पेशींवर (अशा चाचण्यांत वापरतात त्या उंदराच्या पेशी) २४ तास सोडा. स्कॅफोल्डविना तसाच ठेवलेला मीडिया हा कोरा नमुना, आणि लॅटेक्सच्या तुकड्याचा अर्क हा मुद्दाम वाईट नमुना. कोऱ्याच्या तुलनेत जगण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर पदार्थात विषारीपणाची शक्यता आहे असं मानतात. लॅटेक्सच्या घरातल्या पेशी मेल्या नाहीत तर चाचणीच फसली, निकाल वाचू नका.

मोजणीत एक छुपा सापळा आहे. सीसीके-८ सारखी जिवंत पेशी मोजणारी किट ४५० नॅनोमीटरला रंग मोजतात आणि टार्ट्राझिनही तिथे प्रकाश शोषतं. स्कॅफोल्ड नीट धुतला नसेल तर उरलेला पिवळा रंगच ‘जिवंत पेशी’ म्हणून मोजला जातो, म्हणजे जितकं वाईट धुतलं तितका निकाल चांगला! पेशी नसलेल्या स्कॅफोल्डचा अर्क वेगळा मोजून वजा करा, किंवा रेझाझुरिनची फ्लुरोसन्स चाचणी वापरा.

१०. पेशी पेरणं

स्कॅफोल्ड आदल्या रात्री मीडियात भिजवा. पेरण्यापूर्वी निर्जंतुक टिपकागदाच्या कडेने छिद्रांतलं जास्तीचं पाणी शोषून घ्या. छिद्रं भरलेली असतील तर पेशींचा थेंब वरून घरंगळून प्लेटच्या तळाशी जातो. मिलीला २० ते ५० लाख पेशी असलेल्या द्रावणाचे ३० मायक्रोलिटर वर सोडा, दीड तास इन्क्युबेटरमध्ये ठेवा, मगच उरलेला मीडिया कडेने भरा. प्लेट पेशी न चिकटणारी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी स्कॅफोल्ड नव्या घरात हलवा. नाहीतर तळाला चिकटलेल्या पेशीच मोजत बसाल.

जेलमामध्ये पेशींना धरायच्या जागा मुळातच असतात. पीईजी डायअॅक्रिलेट वापरत असाल तर त्यात त्या नसतात; जेलमा किंवा आरजीडी पेप्टाइड (पेशींना धरायची जागा देणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) मिसळल्याशिवाय पेशी त्यावर गोलच राहतील.

११. पुढे पेशी मिसळून प्रिंट करायची असेल तर

पेशींच्या द्रावणाने रेझिन पातळ होतं, म्हणून नऊ भाग रेझिनमध्ये एक भाग द्रावण घालणार असाल तर जेलमा, एलएपी आणि टार्ट्राझिन तिन्ही ११ टक्के जास्त घ्या. मिलीला १० ते ५० लाख पेशींपासून सुरुवात करा. पेशी प्रकाश विखुरतात, त्यामुळे कडा पुसट होतात आणि वर्किंग कर्व्ह पुन्हा काढावा लागतो. त्या खालीही बसतात. आयोडिक्सॅनॉल (पाण्यात विरघळणारं जड संयुग) घातलं तर द्रवाची घनता आणि अपवर्तनांक दोन्ही पेशींच्या जवळ येतात आणि दोन्ही त्रास कमी होतात. पेशी रेझिनमध्ये गेल्यापासून मीडियात पडेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाऊ देऊ नका.

सोबत तीन नमुने हवेत: रेझिनमध्ये तेवढाच वेळ अंधारात ठेवलेल्या पेशी, एलएपी नसलेल्या रेझिनमध्ये तेवढाच प्रकाश मिळालेल्या पेशी, आणि दोन्ही न मिळालेल्या पेशी. पहिल्यात मेल्या तर दोष रसायनाचा किंवा उशिराचा. दुसऱ्यात मेल्या तर प्रकाशाचा. या दोन्हींत जगल्या आणि प्रिंटमध्येच मेल्या, तर मुक्त मूलकांचा. मग एलएपी ०.१ टक्क्यापर्यंत उतरवून पाहा. कॅल्सिन (जिवंत पेशी हिरव्या) आणि प्रोपिडियम आयोडाइडने (मेलेल्या लाल) रंगवून पाहणी प्रिंटच्या दिवशी करू नका, मरणाच्या वाटेवरच्या पेशीही काही तास हिरव्याच दिसतात. २४ तासांनी एकदा आणि सातव्या दिवशी एकदा पाहा.